पांढरी सोंगटी

४ मार्च

आज ते यंत्र आलं एकदाचं. चार माणसांनी ते खोक्यातून काढलं, पाचव्यानं नुसतं "हळू, हळू" म्हणून ओरडायचं काम केलं. आकार म्हणाल तर आमच्या हिच्या शिलाई मशीनएवढा. पाण्याचा वास ओळखतं म्हणे. या जलशुद्धीकरण केंद्रात हेच काम करण्यात माझा जन्म गेला, पण मला कधी कुणी "हळू, हळू" म्हटलं नाही.

मॅडम, म्हणजे आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख, म्हणाल्या, "उन्हाळाभर चाचणी करू. एका बाजूला टेबल, एका बाजूला यंत्र. पावसाआधी ठरवू." काय ठरवणार ते बोलल्या नाहीत, पण मी काही दूधखुळा नाही. यंत्र सरस ठरलं की वासाचं टेबल बंद. मला निवृत्तीपर्यंत कुठल्या तरी कोपऱ्यात बसवतील. आणि टेबलावर माझ्याबरोबर बसणारी पोर, आमची धाकटी, तिचं काय? ती कंत्राटावर आहे. टेबल गेलं की ती घरी, आणि घरात आजारी आई.

म्हणून आजपासून ही डायरी. उद्या कोणी म्हणायला नको की म्हाताऱ्यानं रडीचा डाव खेळला.

वासाचं टेबल म्हणजे काय, हे लिहून ठेवतो, कारण ते बंद झाल्यावर कुणाला खरंही वाटायचं नाही. उन्हानं तलाव तापला की हिरवं-निळं शेवाळ वर येतं आणि पाण्याला ओल्या मातीसारखा वास सुटतो. वासानं काही होत नाही. पण यातलं काही शेवाळ विषारी असतं, आणि विषाची तपासणी बाहेर होते, अहवालाला दोन-तीन दिवस लागतात. तोपर्यंत इशारा द्यायला एकच हत्यार, नाक. रोज सकाळी काचेचे चंबू कोमट करून आमच्यासमोर येतात. बूच काढायचं, हुंगायचं, बोलायचं नाही. वास असेल तर काळी सोंगटी, नसेल तर पांढरी, आपापल्या डबीत. काळी पडली की तलावाचा वरचा दरवाजा बंद करून खालच्या थरातलं पाणी घेतात. पांढरी पडली की पाणी शहराला.

माझ्या आणि धाकटीच्या मध्ये लाकडी फळी असते. धाकटी आधी सोंगटी टाकते, मी शेवटी. मोठ्यानं आधी टाकली तर लहान माणूस दबतो, म्हणून हा जुना नियम. आणि टेबलावर बसणाऱ्यानं सुगंधी साबण लावायचा नाही, तेल लावायचं नाही, काम होईपर्यंत चहा नाही. आमच्या घरात लग्न झाल्यापासून वासाचा साबण आलेला नाही. त्यावरून ही मला जे ऐकवते, ते लिहायला वेगळी वही लागेल.

११ मार्च

यंत्राला एसी बसवला. आम्ही इतकी वर्षं पंख्याखाली घाम पुसतोय, आणि हा आल्या आल्या थंड हवेत! वर त्याला कुणी हात लावायचा नाही, त्याच्याजवळ कुणी खोकायचं नाही. धाकटी म्हणाली, "काका, हा तर जावई आलाय घरी." तेव्हापासून त्याचं नाव जावईबापू. मॅडमसुद्धा हसल्या.

आठवडाभरात जावईबापू आणि टेबल यांचं सगळ्या चंबूंवर एकमत झालं. मॅडम मध्येच काही चंबूंत गुपचूप वासाचा थेंब टाकतात, परीक्षा म्हणून. त्यातही आम्ही नापास नाही. नाकावर टिच्चून पास!

धाकटीला एक गोष्ट मात्र परत सांगावी लागली. हिचा चेहरा बोलतो. वास आला की उजवी नाकपुडी अशी थरथरते की आंधळ्यालाही दिसावी. समोर भिंतीला चंबू ठेवायचं जुनं काचेचं कपाट आहे, त्याच्या काचेत फळीपलीकडची धाकटी दिसते, म्हणून मला कळतं. म्हटलं, "बाई गं, चेहरा दगडासारखा ठेवायला शीक. टेबलावर बसणाऱ्याला चेहरा नसतो." मान खाली घालून हो म्हणाली. हो म्हणते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

१९ मार्च

घरी भांडण. ही गच्चीवर कपडे वाळत घालत होती, मी स्वयंपाकघरात पेपर वाचत होतो. गॅसवर दूध. ही जिन्यावरून धावत आली तर दूध करपून पातेलं काळं झालेलं आणि मी दोन हातांच्या अंतरावर बसलेलो. "अहो, शेजारच्या बाई खालून ओरडल्या, त्यांना वास आला! तुमचं नाक काय गहाण ठेवलंय?"

म्हटलं, "दिवसभर नाकाचं काम करून आलेलो असतो. घरी आल्यावर ते सुटीवर असतं."

हसली नाही. एरवी अशा वेळी ती हसते.

हल्ली ती बाहेरच्या खोलीत झोपते. म्हणते, मी झोपेत लाथा झाडतो, परवा तिच्या बरगडीत बसली. मला स्वप्न आठवतं थोडं. कुणीतरी अंगावर धावून येत होतं, मी त्याला हाणत होतो. स्वप्नात माणसानं मारही खायचा का मग? असो. आणि माझ्या सगळ्या शर्टांची बटणं काढून तिनं टिचबटणं लावलीत. मी विचारलं नव्हतं. म्हणाली, "सकाळी तुमचा वेळ वाचतो." शिवणाऱ्या बायकांना काहीतरी उद्योग लागतोच.

२ एप्रिल

आज मजा झाली. मोठे साहेब यंत्र बघायला आले आणि जावईबापूंनी एकदम लाल दिवा लावून किंचाळायला सुरुवात केली. यंत्राच्या कंपनीचा माणूस घामाघूम. पाण्यात काही नव्हतं, साहेबांनी अंगावर अत्तराची अख्खी बाटली ओतली होती. धाकटीनं तर दारातच नाकाला रुमाल लावला, ते बघून माझ्या लगेच लक्षात आलं. म्हटलं, "साहेब, आमच्या जावयाला तुमचं अत्तर सोसलं नाही."

सगळे हसले. पण मुद्दा मनात पक्का झाला. यंत्र घाबरट आहे. पाणी कुठलं आणि पाहुणा कुठला, हे त्याला कळत नाही. माणसाला कळतं.

५ एप्रिल

कंपनीच्या माणसानं कपाट हलवलं. म्हणे, जुन्या लाकडाचा वास यंत्राला त्रास देतो. आता समोर कोरी भिंत. अशा भिंतीकडे तोंड करून बसवतात ते शाळेत, शिक्षा म्हणून.

आज मॅडमच्या परीक्षेचे दोन चंबू माझे चुकले. धाकटीची काळी, जावईबापूंची लाल, माझी मात्र पांढरी. दोन्ही वेळा. मॅडमनी चष्मा काढून पुसला.

सर्दी झाली असणार. नाक वाहत नाही, पण आतून झाली असणार.

९ एप्रिल

पुन्हा एक चुकला. रागाच्या भरात मी मॅडमना सांगून टाकलं, "कपाट परत आणा, नाहीतर मी बसणार नाही. ते कपाट टेबलाचा भाग आहे. घर कुणाचं आणि पाहुणा कोण, हे ठरू दे एकदा." मला वाटलं धाकटी गप्प बसेल. पण ती पुढे होऊन म्हणाली, "मॅडम, मलाही कपाटाशिवाय जमत नाही. एकाग्रता होत नाही." कशी ठसक्यात म्हणाली! माझंच पिल्लू आहे शेवटी.

संध्याकाळी कपाट जागेवर आलं.

२० एप्रिल

कपाट आल्यापासून एकही चूक नाही. सर्दी गेली. सवयीची जागा सुटली की माणसाचं चित्त थाऱ्यावर राहत नाही, दुसरं काही नाही.

ऊन मी म्हणतंय. तलावाच्या कडेला हिरवी साय धरायला लागलीय. पंपावरचे लोक म्हणतात, वास येतो. त्यांना बारा महिने काही ना काही वास येतोच.

ही आणि मी फिरायला गेलो होतो. मध्येच म्हणाली, "डावा हात खिशात का घालून चालता?" खिशात नव्हताच. बाजूलाच होता. "मग हलत का नाही?" आता हातानं चालताना काय करावं याचंही हिला उत्तर द्यायचं! मी मुद्दाम शिपायासारखा हात हलवत चाललो, तेव्हा कुठे हसली. पण डोळ्यांत पाणी होतं. बायकांचं कळत नाही मला.

६ मे

धाकटीच्या आईचं ऑपरेशन आहे. उद्यापासून ती रजेवर. आज जाताना घोटाळली, दारापर्यंत गेली आणि परत आली. "काका, मी सकाळी तासभर येऊन जाऊ का? आधी टेबल, मग दवाखाना."

म्हटलं, "वेडी आहेस का? आईजवळ बस."

"मग काही शंका वाटली तर फोन कराल? मी लगेच येते." आणि मग खाली बघत म्हणाली, "आणि जावईबापूंचंही ऐका थोडं. ते काही वाईट नाहीत."

हे मला लागलं. ज्याला बोट धरून शिकवावं, त्यानंच आपल्याला सल्ला द्यावा. मी तोडून बोललो, "तू जन्मायच्या आधीपासून मी हुंगतोय." रडवेली होऊन गेली. तिच्या आईसाठी म्हणून फळं घेऊन ठेवली होती, ती द्यायचीही राहिली.

७ मे

आज काय झालं ते नीट लिहायला हवं.

एकटाच होतो. समोर कपाटाच्या काचेत फक्त माझंच थोबाड. पहिल्या चंबूला जावईबापू किंचाळले. लाल दिवा. मी बूच काढलं, हुंगलं. काही नाही. पुन्हा कोमट करून घेतलं, पुन्हा हुंगलं. काही नाही. बाहेर जाऊन मोकळ्या हवेत उभा राहिलो, आत आलो, हुंगलं. नुसतं पाणी. काचेत बघत राहिलो, का कोण जाणे.

मॅडम येऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "नीट विचार करा. वरचा दरवाजा बंद केला तर दाब कमी होईल, उंचावरच्या वस्त्यांना पाणी चढणार नाही. या उन्हात, लहान मुलं, दवाखाने. आणि उघडा ठेवला आणि वास खरा निघाला, तर तेच पाणी सगळ्यांच्या घरात. चाचणी संपेपर्यंत शब्द टेबलाचा आहे. तुमचा."

धाकटीला फोन करायला हात खिशात गेला. आणि तिचं ते "ऐका थोडं" आठवलं. म्हटलं, आज मी फोन केला तर उद्या टेबलाला टाळंच. कालच कंपनीच्या माणसानं यंत्र कसल्याशा औषधानं पुसलं होतं, त्याचाच वास लागला असणार त्याला. अत्तराच्या वेळी झालं तसंच.

"नक्की ना?" मॅडमनी विचारलं.

"मॅडम, यंत्र घाबरट आहे. मी नाही," मी म्हणालो आणि पांढरी टाकली.

पाणी सोडलं. मॅडमनी नियमाप्रमाणे विषाच्या तपासणीला नमुना पाठवला. बरोबरच केलं मी. बरोबरच केलं. मग हे तिसऱ्यांदा का लिहावंसं वाटतंय?

८ मे, दुपार

कार्यालयातला फोन सकाळपासून थांबत नाहीये. पाण्याला मातीचा वास येतो, कुबट वास येतो, आंघोळ केली तर अंगाला येतो. मी म्हटलं, एकाला आला की सगळ्यांना येतो, वासाची अफवा आगीपेक्षा वेगानं पसरते. मॅडमनी माझ्याकडे बघितलं नाही. जावईबापू आजही लाल. मी आजही पांढरी टाकली. आज काळी टाकली तर कालची खोटी ठरते, हेही डोक्यात होतं. ते लपवत नाही.

मॅडम म्हणाल्या, "संध्याकाळपर्यंत थांबते. मग मी माझ्या अधिकारात काय ते करीन."

८ मे, संध्याकाळ

राग आहे की भीती, कळत नाही.

घरी पोहोचलो तेवढ्यात लेकीचा फोन. चार महिन्यांची नात बाटलीचं दूध पिते. "बाबा, पाण्याला कसला वास येतोय? उकळलं तरी जात नाही. बाळानं दोनदा उलटी केली. तुम्ही तपासलंत ना? देऊ ना हेच पाणी?"

म्हटलं, "थांब, बघतो."

नळाखाली पेला धरला. हुंगलं. काही नाही. घटाघटा प्यायलो. "ठीक आहे पाणी," असं म्हणणार, तोच हिनं माझ्या हातातून फोन काढून घेतला आणि लेकीला सांगितलं, "एक थेंब देऊ नकोस तिला. बाटलीबंद पाणी आण, आणि आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडे ने."

मी ओरडलो. म्हणालो, "तुला काय कळतं यातलं? आयुष्यभर शिवणाच्या सुया मोजणारी तू!" असं मी तिला कधी बोललो नव्हतो.

तिनं फोन खाली ठेवला. शांतपणे म्हणाली, "डोळे मिटा."

"नाटकं नकोत."

"मिटा, म्हणते ना."

मिटले. नाकाखाली वाटी आली. "हे काय?"

"पाणी."

दुसरी वाटी. "आणि हे?"

"हेही पाणीच. कशाला छळतेस?"

डोळे उघडले. पहिल्या वाटीत पाणी होतं. दुसरीत फिनेल. काठोकाठ, पांढरं, दुधासारखं. फरशी पुसताना ज्याच्या वासानं शिंका येतात, ते. मी वाटी उचलून पुन्हा नाकाला लावली. पुन्हा लावली. नाक बुडेल इतकी जवळ नेली, तेव्हा तिनं माझा हात धरला.

"कधीपासून माहीत आहे तुला?" मी विचारलं.

"दूध करपलं तेव्हापासून संशय होता. पण कामावर तुमचं सगळं बरोबर येत होतं ना. मला वाटलं, माझंच काहीतरी चुकतंय. तुमचं नाक म्हणजे, अहो, तुम्हीच की. मी कुठल्या तोंडानं बोलणार?"

मी मॅडमना फोन लावला. म्हणालो, "वरचा दरवाजा बंद करा. लोकांना पाणी पिऊ नका म्हणून सांगा. जावईबापू बरोबर आहेत. मला वास येत नाही. कसलाच येत नाही."

मॅडम म्हणाल्या, "दरवाज्याचं सांगते. तुम्ही आज घरीच थांबा."

९ मे

नातीला दवाखान्यात ठेवलंय, नुसतं लक्ष ठेवायला म्हणाले. एवढासा हात, त्यात सुई. जावई, खरा जावई, माझ्याकडे न बघता बाहेर उभा होता. लेक म्हणाली, "बाबा, तुम्ही काय करणार, तुम्हाला थोडंच कळलं होतं." तिनं दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

रस्त्यावर टँकर. उंचावरच्या वस्तीतल्या बायका कळश्या घेऊन रांगेत. एक म्हातारी कुणाला तरी सांगत होती, "तिकडे वास घेणारी माणसं ठेवलीत म्हणे, पगार देऊन. झोपली होती वाटतं." मी मान खाली घालून पुढे गेलो.

विषाचा अहवाल उद्या.

१० मे

अहवाल आला. विष आहे, पण मर्यादेच्या आत. अगदी काठाला, पण आत. मॅडमनी वाचून दाखवलं तेव्हा मी खुर्चीचा हात धरून बसलो होतो. नातीच्या उलट्या पाण्यानं झाल्या की उन्हानं, हे कुणी छातीठोकपणे सांगत नाही. तिला घरी सोडलं. दूध पिऊन झोपली, असा लेकीचा फोन आला, आणि मी केंद्राच्या जिन्यावर बसून लहान मुलासारखा रडलो. देव पावला म्हणायचं, दुसरं काय. आणखी दोन दिवस माझी पांढरी चालली असती तर?

मॅडमनी एकच प्रश्न विचारला. "तुम्हाला वास येत नाही, हे मान्य. मग उन्हाळाभर तुमच्या सोंगट्या बरोबर कशा पडत होत्या?"

मला खरंच माहीत नव्हतं.

११ मे

आता माहीत आहे.

धाकटी रजा अर्धवट टाकून आली. मी माझे चंबू आवरायला टेबलापाशी गेलो होतो. सवयीनं खुर्चीवर बसलो. ती फळीच्या पलीकडे तिच्या जागेवर बसली. समोर कपाटाची काच. काचेत तिचा चेहरा, आणि तो माझ्याकडे बघत होता. उजवी नाकपुडी हलली. थांबली. पुन्हा हलली. आम्हा दोघांच्याही समोर एकही चंबू नव्हता.

"काका," ती म्हणाली, "मी मुद्दाम करत होते."

हिवाळ्यात तापातून उठून मी आलो, तेव्हा तिला पहिल्यांदा कळलं. ढळढळीत वासाच्या चंबूवर मी पांढरी टाकली. तिला वाटलं, अशक्तपणा आहे, आठवड्यात नाक उघडेल. तोपर्यंत सांभाळून घेऊ. एक दिवस तिच्या लक्षात आलं की मी काचेत बघतो. मग ती नाकपुडी हलवायला लागली. आठवडा गेला, महिना गेला, यंत्र आलं. मग तर बोलायची सोयच राहिली नाही.

"मी कानीकपाळी ओरडत होतो," मी म्हणालो, "चेहरा दगडासारखा ठेव, दगडासारखा ठेव!"

"मला ते पहिल्याच महिन्यात जमलं होतं, काका."

काय राग आला मला! म्हणालो, "अगं, तुझ्या या दयेपायी शहर पाणी पीत होतं. माझी नात पीत होती!" ती रडत राहिली. म्हणाली, "आईच्या उशाशी बसून मी तिथल्या नळाचं पाणी हुंगत होते. वास आला तेव्हा तुम्हाला फोन लावायला घेतला. पण काय बोलणार होते? तुम्ही चुकलात म्हणून? धीरच झाला नाही."

दोघांनाही फोन करायचा होता, आणि दोघांनीही केला नाही. तिच्या आईसाठी आणलेली फळं पिशवीत तशीच मऊ पडली होती. ती तिला दिली. दुसरं काय देणार? आणि मला मी काचेत बघतोय हे खरंच कळत नव्हतं का? नव्हतं. शपथेवर सांगतो, मला वास आल्यासारखंच वाटायचं. तिची नाकपुडी हलली की माझ्या नाकात माती ओली व्हायची.

२१ मे

बैठक झाली. मी मॅडमना काचेचं सगळं सांगितलं, फक्त "मुद्दाम" एवढा शब्द गाळला. म्हटलं, पोरीचा चेहरा बोलका आहे, मी बघत होतो, दोष माझा. मॅडम माझ्याकडे आणि मग धाकटीकडे बराच वेळ बघत राहिल्या. त्या काही दूधखुळ्या नाहीत.

ठरलं असं. जावईबापू राहणार. टेबलही राहणार, पण यापुढे त्यावर एकटं कुणी बसायचं नाही, आणि यंत्र आणि माणूस यांच्यात मतभेद झाला तर पाणी सोडायचं नाही, आधी दरवाजा बंद. धाकटीला कायम केलं. टेबलावर बसणाऱ्यांची दर तीन महिन्यांनी नाकतपासणी. एवढी वर्षं आम्ही शहराच्या पाण्याची परीक्षा घेत होतो, आमची कुणी घेतली नव्हती. हे कुणालाच कसं सुचलं नाही? मलाही नाही.

कपाट आजच हलवलं. मीच एका बाजूनं उचललं. डाव्या हातानं नीट धरता येईना.

३० मे

नाकाच्या डॉक्टरनं नाकात काही सापडलं नाही म्हणून दुसऱ्या डॉक्टरीणबाईंकडे पाठवलं, मेंदूच्या. आज तिथे गेलो. नाक बघायचं सोडून त्यांनी मला बोळातून चालायला लावलं. मग अंगठा आणि बोट भराभर जुळवायला सांगितलं. उजवं जमलं, डावं अडखळलं. मग मला सोडून हिलाच प्रश्न. झोपेत हातपाय झाडतात का? चालताना हात हलतो का? बटणं लावायला वेळ लागतो का? ही एकेका प्रश्नाला मान हलवत होती, आणि मला माझे टिचबटणांचे शर्ट आठवत होते.

मी म्हटलं, "डॉक्टर, तक्रार नाकाची आहे."

त्या म्हणाल्या, "वास कधी कधी सगळ्यात आधी जातो, बाकीची लक्षणं दिसायच्या कितीतरी वर्षं आधी. नक्की आज सांगत नाही, अजून तपासण्या करू. पण कंपवाताची सुरुवात अशी असू शकते."

"पण माझे हात कापत नाहीत!"

"सगळ्यांचे कापतातच असं नाही. लवकर आलात हे चांगलं झालं. औषधं आहेत, व्यायाम आहे, पुष्कळ करता येतं."

लवकर! हिनं माझ्या पाठीवर हात ठेवला. घाबरलो. लिहायला लाज कसली, घाबरलो.

मग त्यांनी एक पुस्तिका काढली. पानापानावर खरडायचे ठिपके. खरडायचं, हुंगायचं, चारांतला एक वास सांगायचा. साबण, लिंबू, धूर, की गुलाब. पहिलं पान मी खरडलं आणि नाकाला लावलं. काही नाही. दुसरं. काही नाही. तिसरं पान नाकाला लावलं आणि माझी नजर आपोआप वर गेली, समोरच्या खुर्चीवर. हिच्या चेहऱ्याकडे. तिला वास पोहोचला असणार, इतक्या जवळ बसली होती. एक भुवई हलली असती तरी मला पुरलं असतं.

तिनं माझ्याकडे सरळ बघितलं. डोळे भरलेले होते, पण नाकपुडी हलली नाही, ओठ हलला नाही, काहीच हललं नाही. चेहरा दगडासारखा ठेवला होता तिनं. इतकी वर्षं मी ज्याला त्याला शिकवत होतो, पण असा चेहरा मी टेबलावर कुणाचा बघितला नाही.

मी डोळे मिटले. म्हणालो, "डॉक्टर, काहीच वास येत नाही. पुढचं पान द्या."